घरातला समुद्र आणि त्याची मजुरी



माझे नाव आणि आजचा विषय एकाच पत्रिकेवर छापलेले पाहून आपल्यापैकी पुष्कळांना छापखान्याची चूक झाली असे वाटले असेल. ज्या माणसाने उभा जन्म बोनस, बदली कामगार आणि गेटवरच्या सभा यांत घालविला, त्याने समुद्रातील माशांच्या घरगुती टाकीवर काय बोलावे? आणि ही टाकी म्हणजे टेबलावरचे काचेचे गोल भांडे नव्हे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी. तीत पोवळ्याच्या खडकाचा देखावा, रंगीत मासे आणि वरून निळसर उजेड. हा श्रीमंती शौक आहे, हे मी आरंभीच कबूल करून टाकतो. परंतु या शौकाशी माझी गाठ पडली ती एका कामगाराच्या हातामुळे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मुंबईतील एका मोठ्या हॉटेलात अशी टाकी होती. ती साफ करण्याचे काम आमच्या युनियनचा एक सभासद करीत असे. हुद्दा वायरमनचा. टाकीमागच्या विजेच्या बोर्डावर मिठाचा पांढरा थर साचलेला होता आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण बसविलेले नव्हते. एका सकाळी कोपरापर्यंत हात पाण्यात असताना त्याला धक्का बसला. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे कायमची बधिर झाली. भरपाईचा प्रश्न निघाला तेव्हा व्यवस्थापनाने सांगितले की, पाण्यात हात घालणे हे त्याच्या कामात मोडतच नव्हते! मग या टाकीचे काम म्हणजे काय काय, कोणते यंत्र कशासाठी आणि हात घालण्यावाचून कोणते काम होतच नाही, हे सिद्ध करण्याची पाळी माझ्यावर आली. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी पुस्तके पुढ्यात, शब्दकोश शेजारी आणि तो वायरमन शिक्षक, अशा रीतीने मी हे शास्त्र शिकलो. भरपाई मिळाली, प्रकरण मिटले. विषय मात्र मला सोडीना.

या अभ्यासातून मला जे एक सूत्र सापडले ते प्रथम सांगतो. समुद्र कितीतरी कामे अहोरात्र करतो आणि त्याबद्दल कोणाकडे पैसा मागत नाही. तीच कामे घरात करून घ्यायची म्हटली की प्रत्येक कामाला एक वेगळा कामकरी नेमावा लागतो. लाटेच्या जागी पंप येतो, सूर्याच्या जागी दिवा येतो, पावसाच्या जागी माणसाने ओतलेले गोडे पाणी येते. या सर्वांची मजुरी कोणी ना कोणी भरतोच. कधी मालक विजेच्या बिलात भरतो, कधी नोकर आपल्या हाताने भरतो, तर कधी दूरच्या बेटावरचा पाणबुड्या आपल्या शरीराने भरतो. टाकीचे नियोजन म्हणजे या मजुरीचा आधी मांडलेला हिशेब होय.

पहिला पंप

याचे मूळ इतिहासात पाहा. १८४६ साली ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत पोवळी लंडनला आपल्या घरी आणली आणि ती तीन वर्षे जगविली. समुद्रजीव घरात इतका काळ टिकविण्याचा हा पहिल्या प्रयोगांपैकी एक मानला जातो. त्या काळी विजेचा पंप कोठला? पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतीत असे. रोज अर्धा ते पाऊण तास. बाईंचे नाव ग्रंथांतून आढळते. मोलकरणीचे नाव मला कोठे सापडले नाही. माझ्या मते घरगुती समुद्राचा पहिला पंप म्हणजे तिचे दोन हात.

पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. लहानपणी तेथील काचेला नाक लावून मीही उभा राहिलो आहे. परंतु पोवळी घरात टिकेनात. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थांनी एक साधी गोष्ट जगापुढे मांडली: समुद्रातला सजीव खडक टाकीत ठेवावा, थोडी हवा सोडावी, खडकावरील सूक्ष्म जीवच पाणी स्वच्छ राखतात. त्यानंतर १९७० च्या दशकात जर्मन भाषिक प्रदेशात पीटर विल्केन्स आदी मंडळींनी त्याला तीव्र प्रकाश, फेस काढणारे यंत्र आणि चुन्याची निवळी यांची जोड दिली. आजची टाकी या घराण्यातली आहे.

पोवळे म्हणजे कोण?

अंगठीतले पोवळे आपल्याला ठाऊक असते. ते एका प्राण्याचे घर होय. मुगाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान, तोंडाभोवती बोटांसारखे तंतू असलेला हा प्राणी पाण्यातला चुना घेऊन आपल्या बुडाशी दगड रचीत जातो. लाखो प्राण्यांनी पिढ्यान्पिढ्या रचलेला दगड म्हणजे प्रवाळखडक. खडक रचणाऱ्या पोवळ्याच्या कातडीत एक सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. घरमालक त्याला आसरा आणि आपले टाकाऊ द्रव्य खत म्हणून देतो. हा करार उष्णतेने मोडतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाददुसऱ्या अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले तर शैवाल बाहेर पडते आणि पोवळे पांढरे फटफटीत होते. जगभरातील समुद्रांत ही आपत्ती १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात आली. चौथ्यांदा आल्याचे २०२४ साली जाहीर झाले. इतक्या नाजूक संसाराचे पाणी, प्रकाश आणि ऊब घरात सांभाळायची, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

जागा आणि वजन

दोन वर्षांपूर्वी आपल्या गावातील एका डॉक्टरांनी मला बोलावून घेतले. त्यांच्या राहत्या घरी दुसऱ्या मजल्यावर अशी टाकी बसवायची होती. मी माझ्या त्या वायरमन मित्राला मुंबईहून बोलावले आणि आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. तो हिशेब आपल्यापुढे मांडतो.

सहा गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे २४ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे टाकीत ६८० लिटर. खारे पाणी गोड्यापेक्षा थोडे जड. ते जवळजवळ ७०० किलो भरते. काच १२ ते १५ मिलिमीटर जाड लागते. तिचे सव्वाशे ते दीडशे किलो. खडक व वाळू शंभर किलो. खालचा लोखंडी सांगाडा आणि त्यात बसणारी दुसरी टाकी मिळून अडीचशे. एकूण सुमारे १,२०० किलो. म्हणजे साठ किलोची वीस माणसे एका बाकाएवढ्या जागेत रात्रंदिवस उभी!

राहत्या घराची जमीन साधारणपणे एका चौरस मीटरला २०० किलो चलभार धरून आखतात. आपली टाकी सव्वा चौरस मीटरहूनही कमी जागेवर उभी राहते आणि चौरस मीटरला हजार किलोंहून अधिक भार टाकते, पाचपटीच्याही वर. सबंध खोलीला पेलेल इतके हे ओझे एका कोपऱ्यात येते, म्हणून ते कोठे ठेवावे याला महत्त्व. तुळईवर किंवा भार घेणाऱ्या भिंतीलगत ठेवता येते का, हे बांधकामाच्या इंजिनियरने पाहून लेखी द्यावे. आणि लाकडी तुळयांचा जुना वाडा वा चाळ असेल तर विचारसुद्धा करू नये. डॉक्टरांचे घर असेच जुने होते. ते म्हणाले, "अहो, वर गोदरेजचे कपाट आहेच की!" मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, तुमच्या खाली बिऱ्हाड राहते. त्यांना विचारलेत का?" ते गप्प झाले. टाकी शेवटी तळमजल्यावर, दवाखान्यातल्या रुग्णांच्या बसण्याच्या खोलीत आली.

संप

मोठ्या टाकीच्या खाली एक लहान टाकी असते. वरचे पाणी काठावरून ओसंडून नळाने खाली येते, तेथे यंत्रांतून जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवितो. या खालच्या टाकीला जाणकार मंडळी 'संप' म्हणतात. हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा माझे कान टवकारले, हे सांगायला नको. पुढे कळले की, या संपाचा खरा प्रश्नही काम बंद पडल्यावरच उभा राहतो.

वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाकीतले काठावरचे पाणी खाली येत राहते. किती येईल? आपल्या टाकीचा तळ १२ चौरस फूट. म्हणजे पाण्याचा प्रत्येक इंच २८ लिटर. परत जाणाऱ्या नळीचे तोंड पाण्याखाली दीड इंच बुडलेले असेल तर त्या नळीवाटे पाणी उलटे ओढले जाऊन ४२ लिटर खाली उतरणार. संपात तेवढी जागा रिकामी नसेल तर ते दिवाणखान्यात पसरणार. आपल्याकडे वीज जाते हा काही अपघात नव्हे, रिवाज आहे. म्हणून मीठ घालण्यापूर्वी नुसत्या नळाच्या पाण्याने टाकी भरावी आणि मुख्य बटण निदान तीनदा बंद करून पाहावे. डॉक्टरांच्या टाकीत पहिल्या वेळी फरशी ओली झाली. नळीचे तोंड वर घेतले, मग झाली नाही.

संपाचे दुसरे काम म्हणजे फेस काढणारे यंत्र, प्रोटीन स्किमर, सामावून घेणे. पावसाळ्यात किनाऱ्यावर मळकट फेसाचे ढीग येतात ते आपण पाहिले असतील. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ हवेच्या बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात. यंत्र हेच करते: बारीक बुडबुड्यांचा स्तंभ उभा करून वर आलेला काळपट फेस एका पेल्यात साठविते. तो पेला दोनचार दिवसांनी कोणीतरी धुवावा लागतो. वास कसा येतो म्हणून विचारू नका.

पाणी आणि वीज

आता ज्या कारणाने मी या विषयात आलो त्याकडे येतो. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. शिवाय शिंतोडे उडतात, पाणी वाळते आणि मीठ वायरीवरून, भिंतीवरून सरकत बोर्डापर्यंत जाते. म्हणून पाच नियम. पहिला, टाकीसाठी घराच्या मुख्य बोर्डापासून वेगळी लाईन. दुसरा, त्या लाईनवर ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे उपकरण. हे फ्यूज किंवा साध्या एमसीबीचे काम नव्हे, कारण माणूस मरायला जेवढी वीज पुरते तेवढीने फ्यूज उडत नाही. तिसरा, अर्थिंग मोजून घेतलेले. चौथा, बोर्ड टाकीच्या बाजूला आणि उंचावर, आणि प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोळ, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळात टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. पाचवा, पाण्यात हात घालण्यापूर्वी लाईन बंद. त्या उपकरणावर तपासणीचे एक बटण असते. ते दर महिन्याला दाबून पाहावे. वीज तुटली पाहिजे.

पाणीही साधे चालत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, क्षार असतात, क्वचित तांबे असते. आणि तांबे हे बिनकण्याच्या समुद्रजीवांना विष आहे. म्हणून पाणी गाळण्याच्या यंत्रातून आणि नंतर क्षार ओढणाऱ्या राळेतून काढून घ्यावे लागते. त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ घालायचे. हे स्वयंपाकाचे मीठ नव्हे. मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे योग्य प्रमाणात मिसळलेले खास मीठ असते. ६८० लिटरला सुमारे २४ किलो लागते. शिवाय दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे म्हणजे वर्षाला सुमारे १,८०० लिटर पाणी आणि साठ-पासष्ट किलो मीठ. गाळण्याचे यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोनतीन लिटर पाणी टाकून देते. ज्या गावात उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात, तेथे हे पाणी गटारात सोडणे मला पटले नाही. दवाखान्यात ते पिंपात साठवून फरशी पुसायला व संडासाला वापरतात.

आणखी एक गोष्ट नवख्याच्या हमखास चुकते. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते. उन्हाळ्यात रोज पाच-दहा लिटर पाणी उडते. त्या जागी पुन्हा खारे पाणी भरले तर टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. उडालेल्याच्या जागी नेहमी गोडे शुद्ध पाणीच ओतायचे. समुद्रावर हेच काम पाऊस आणि नद्या करतात.

लाट, सूर्य आणि गारवा

खडकावर पाणी सतत हलते राहिले पाहिजे; नाही तर घाण साचते आणि प्राणवायू पोहोचत नाही. टाकीतील पाण्याच्या निदान वीसपट पाणी ताशी हलावे असा ठोकताळा आहे. म्हणजे आपल्या टाकीत ताशी १३,६०० लिटर. एवढे संपाच्या पंपाकडून करून घेऊ नये. तो ताशी दोन-तीन हजार लिटर वर चढवील तरी पुरे. बाकीचे काम टाकीच्या आत बसणारे लहान पंखे थोड्या विजेत करतात. दिवा रोज आठ ते दहा तास, ठराविक वेळी लागावा आणि विझावा.

पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअस ठेवायचे. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस ओलांडतो. पाण्यावर पंखा सोडला तर वाफेबरोबर उष्णता जाते. आपल्या कोरड्या हवेत हा उपाय बराच चालतो, कोकणातल्या दमट हवेत तितका चालत नाही. तरीही मोठ्या टाकीला पाणी गार करणारे यंत्र, चिलर, लागतेच. हे यंत्र पाण्यातली उष्णता काढून बाहेर टाकते. ते त्याच खोलीत ठेवले तर खोली तापते आणि टाकी पुन्हा तापते. त्याला खोलीबाहेर जागा द्यावी.

आता मजुरीपत्रक पाहू. सगळे पंप मिळून १२५ वॅट, चोवीस तास: रोज ३ युनिट. दिवे २०० वॅट, दहा तास: २ युनिट. चिलर ५०० वॅट, उन्हाळ्यात बारा तास: ६ युनिट. एकूण ११, महिन्याला ३३०. युनिटला दहा रुपये धरले तर ३,३०० रुपये. हा आकडा पाहून ज्याला घाम फुटतो त्याने टाकी घेऊ नये, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. शिवाय वीज जाईल तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवाच. दिवा बंद राहिला तर दोन दिवस काही बिघडत नाही. पाणी थांबले तर काही तासांत मासे गुदमरतात. इन्व्हर्टरला काय जोडायचे हे त्यावरून ठरवावे.

न दिसणारे कामकरी

सगळे जुळले, पाणी खारे झाले, दिवा लागला. आता मासे आणायचे? नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो जहरी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही घातकच. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. खडकाच्या पोटात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे तिसरे जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. ही पाळीवरची माणसे कामावर रुजू व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत थोडा अमोनिया घालून रोज तपासणी करावी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले म्हणजे समजावे, गिरणी चालू झाली. त्याआधी मासा सोडणे म्हणजे भंगी नसलेल्या वस्तीत माणसे कोंबणे, असे पूर्वी कोणी म्हटले असते. मी म्हणतो, गटार न बांधता वसाहत बांधणे. डॉक्टर रोज विचारीत, "आता सोडू?" टाकी ठरल्यापासून पहिला मासा सोडेपर्यंत नऊ महिने गेले.

चुन्याच्या निवळीचा उल्लेख मी मघा केला. जेथे पोवळी वाढवितात तेथे ती पाण्यातला चुना सतत उचलतात. तो भरून काढण्यासाठी शुद्ध चुन्याची निवळी, रात्री, थेंबथेंब सोडतात. कारण रात्री शैवालाचे काम बंद असते आणि पाणी आम्लतेकडे झुकते. ही निवळी फार दाहक असते. पानाच्या डबीतला चुना येथे चालत नाही. केवळ खडक आणि मासे असलेल्या टाकीला मात्र पाणी बदलण्यातून मिळतो तेवढा चुना पुरतो. हे सांगण्याचे कारण पुढे येते.

पोवळे आणावे का?

डॉक्टरांना अर्थातच पोवळी हवी होती. दुकानदाराने सांगितले होते, "साहेब, सगळेच ठेवतात." मी कायद्याचे पुस्तक काढले. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, जेथे वाघ आहे तेथेच, २००१ सालापासून सर्व दगडी पोवळी, काळे पोवळे आणि समुद्रपंखे आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टे नव्याने लिहिली गेली, तरी पोवळी पहिल्यातच राहिली. गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद. समुद्रातून काढलेला 'सजीव खडक' हाही बहुतेक पोवळ्याचाच सांगाडा असतो. मालवणच्या समुद्रातले पोवळे असो की अंदमानचे, ते उचलून दिवाणखान्यात आणता येत नाही. मुंबईचा किनारी रस्ता बांधताना २०२० साली वरळी आणि हाजी अलीची पोवळी दुसरीकडे हलवावी लागली, तेव्हा महापालिकेलाही वन्यजीव खात्याची परवानगी घ्यावी लागली होती. परदेशी पोवळ्यालाही आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारानुसार कागद लागतात.

पण कायद्याहून मला दुसरी गोष्ट अधिक टोचते. १९६० च्या दशकापासून फिलिपीन्समध्ये आणि पुढे इंडोनेशियात रंगीत मासे पकडण्यासाठी पाणबुडे सायनाइडचे पाणी खडकाच्या फटीत मारीत आले. मासा गुंगतो आणि हाती लागतो. भोवतालची पोवळी मरतात. पकडलेले मासेही वाटेत आणि दुकानात पुष्कळ मरतात. पाणबुडा कित्येकदा होडीवरच्या हवेच्या यंत्राला जोडलेली साधी नळी तोंडात धरून खोल जातो. तेथून घाईने वर आला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि माणूस लुळा पडतो, कधी मरतो. त्याला ना हजेरीपट, ना विमा. दुकानातल्या काचेतून हे काही दिसत नाही.

मग आम्ही काय केले? समुद्रातला एकही दगड आणला नाही. सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे सच्छिद्र खडक तयार करून घेतले आणि त्यांतला जास्तीचा चुना निघून जाईपर्यंत दोन महिने पाणी बदलीत भिजविले. मासे निवडले ते पैदास केंद्रात जन्मलेले. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश आपण चित्रपटात पाहिला असेल. त्याची पैदास आपल्या देशात होते आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपमला हे तंत्र बसविले आहे. त्याला समुद्रफुलावाचूनही टाकीत राहता येते. त्या चित्रपटातला निळा मासा मात्र फूटभर वाढतो आणि लांब पोहतो. सहा फुटांची भिंत त्याला कैदच. म्हणून तो नाही. मोठ्या टाकीत आठ लहान मासे, शंखाचे काही गोगलगाय जातीचे जीव, दोन कोळंब्या. दुकानदार हसला. पण दीड वर्षात एकही मासा मेला नाही आणि सिमेंटच्या दगडावर गुलाबी शैवालाचे ठिपके दिसू लागले आहेत.

वही

शेवटची गोष्ट. टाकी विकत घेतो एकजण आणि सांभाळतो दुसरा. म्हणून आम्ही एक वही घातली. तारीख, उष्णता, खारटपणा, अमोनिया, नायट्रेट, किती पाणी ओतले, पेला धुतला का. आणि शेवटचा रकाना, काम कोणी केले. दवाखान्यातला कंपाउंडर हे काम करतो. प्रथम डॉक्टरांचा विचार ते त्याच्या नेहमीच्या कामात धरण्याचा होता. मी त्यांना हॉटेलची हकिकत सांगितली. आज त्याला या कामाचे वेगळे पैसे मिळतात आणि काम त्याच्या नेमणुकीच्या कागदात लिहिलेले आहे. विजेचा बोर्ड माझ्या वायरमन मित्राने स्वतः बसविला. स्क्रू धरताना त्याच्या दोन बोटांना अजून काही कळत नाही, म्हणून तो डोळ्यांनी पाहून धरतो.

दवाखान्यात इंजेक्शनला भिणारी पोरे त्या टाकीपुढे शांत बसतात, असे डॉक्टर सांगतात. आपल्यापैकी कोणी पाहायला गेलात तर मासे पाहाच. पण बाजूला खिळ्याला अडकवलेली वहीही उघडून पाहा. शेवटच्या रकान्यात रोज एक नाव लिहिलेले आढळेल. लंडनच्या त्या मोलकरणीचे नाव मात्र कोणी असे लिहून ठेवले नव्हते.